बंद लाईनीवरचं नाव

मृणाली सुरवाडेनं लाईन बंद केली आणि कारण लिहिलं नाही, असं चार वर्षांत एकदाही झालेलं नव्हतं. म्हणून तर न केलेल्या चुकीच्या कबुलीवर सही मागितल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच! तुमची-आमची गेली नसती का?

आधी मृणाली कोण ते सांगायला हवं. जळगावात मेहरूणमध्ये राहते, वय एकतीस, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करते. गावात कुणाला सांगितलं की ती कंपनीत कॉम्प्युटरवर असते, तर लोक विचारतात, "म्हणजे बिलं काढतेस का?" बिलं काढत नाही हो! जळगावातल्या नऊ हजार घरांचं, दुकानांचं, दवाखान्यांचं इंटरनेट कोणत्या रस्त्यानं बाहेर जाईल, हे ती बघते. त्यासाठी ऑफिसातल्या यंत्रावर एक प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतो. तो शेजारच्या कंपन्यांच्या यंत्रांशी सारखा बोलत असतो: माझ्याकडे हे पत्ते आहेत, तुझ्याकडून कुठे कुठे जाता येतं? या कंपनीला असे दोन शेजारी. एक चाळीसगाववरून मुंबईकडे नेणारी मोठी कंपनी, दुसरी धुळ्याची. एक लाईन बंद पडली की प्रोग्रॅम सगळी गर्दी दुसरीवर वळवतो, आणि मेहरूण तलावाकाठी मोबाईलवर सिनेमा बघत बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

या प्रोग्रॅमला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा, आणि त्यावर टाइप केलेले हुकूम. शेजारी दाखव. अमुक शेजारी बंद कर. चालू कर. हुकूम थोडे, पण विचारणा नाही. "नक्की का?" असं तो प्रोग्रॅम कधीच विचारत नाही. सांगितलं की केलं.

त्यातल्या 'बंद कर'च्या हुकमाला एक शेपूट जोडता येतं. पुढे अवतरणचिन्हांत कारण लिहायचं. ते कारण पलीकडच्या शेजाऱ्याच्या यंत्रावर जातं आणि तिथल्या नोंदीत कायमचं बसतं. लिहायलाच पाहिजे असं नाही. बहुतेक जण लिहीत नाहीत, कंटाळा करतात. मृणाली लिहायची. इंग्रजी अक्षरांत, साधं मराठी: 'धुळे लाईन, बॉक्स बदलणे, वीस मिनिटे, करणारी मृणाली.' मग ते पाच मिनिटांचं काम असो की पाच तासांचं.

ही खोड तिला घरून लागलेली. तिचे वडील आधार सुरवाडे सव्वीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होते. त्या काळी दुरुस्तीसाठी एखादी लाईन सोडवली की तिथं पत्र्याचा बिल्ला अडकवायचा, ज्यानं सोडवली त्याच्या नावाचा. म्हणजे दुसरा कुणी आला तर त्याला कळावं की ही लाईन मेलेली नाही, आधार सुरवाडेनं बंद केलीय, त्याला विचार. मुलीला नोकरी लागली तेव्हा आधारबाबांनी पेढ्याआधी तिला हे सांगितलं होतं. "बंद करणं वाईट नाही गं. गपचूप बंद करणं वाईट."

आता त्या मंगळवारचं ऐका.

शिरसोलीजवळ रस्ता रुंद होत होता, तिथला खांब हलवायचा होता. चाळीसगावची लाईन त्याच खांबावरून जाते. मृणालीनं सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी ती बंद केली, कारण लिहिलं, नाव लिहिलं, धुळ्याची लाईन नीट चालतेय हे दोनदा बघितलं, आणि स्कूटर काढून शिरसोलीला गेली. सगळं रीतीप्रमाणे.

ऑफिसात मागे राहिला भूपेंद्र. कंपनीचे मालक चुडामणभाऊ, त्यांचा हा पुतण्या. पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स करून आलेला, आल्या दिवसापासून गळ्यात ओळखपत्र. ते ऑफिसात कशाला लागतं कुणास ठाऊक, तिथं त्याला न ओळखणारा फक्त पाणी भरायचा जार होता. त्या दिवशी त्याचा पुण्याचा मित्र आला होता. भूपेंद्र त्याला घेऊन यंत्राच्या खोलीत गेला. बाहेर टेबलावर बसणाऱ्या सपनानं स्वतःच्या कानांनी ऐकलं: "हे बघ, मी एक लाईन बंद करतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

आणि त्यानं धुळ्याची लाईन बंद केली.

अरे बाबा, आधी 'शेजारी दाखव' एवढं तरी टाइप करायचं! पडद्यावर स्वच्छ दिसलं असतं, चाळीसगाव आधीच बंद आहे. दोन शब्दांचा हुकूम. पण शहाण्या माणसाला बघायची गरज काय? दोन्ही लाईनी गेल्या. नऊ हजार कनेक्शनं एका दणक्यात आडवी झाली. बाहेर सपनाचे तिन्ही फोन एकदम वाजायला लागले. भूपेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. चालू करायचा हुकूम त्याला आठवेना. मग त्यानं काय करावं? खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि मित्राला घेऊन नाश्त्याला निघून गेला. फोन बंद!

मृणालीला शिरसोलीत कळलं. तिथून यंत्रात शिरायला जागा नाही, कारण शिरायचा रस्ताच या दोन लाईनींवरून. तिनं स्कूटर कशी हाणली ते तिलाच माहीत. येऊन बघते तर कुलूप. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून हातोडा आणला, कुलूप फोडलं, पडदा उघडला. धुळे बंद. समोर कारणाची जागा रिकामी. तिनं चालूचा हुकूम दिला आणि मिनिटभरात गाव परत उठलं; खांबाचं काम पुढे ढकलून चाळीसगावही तिनं चालू केली. बावन्न मिनिटं गेली होती.

त्या बावन्न मिनिटांत नशिराबाद रस्त्यावरच्या एका कॉलेजात दीडशे मुलं ऑनलाईन परीक्षा देत होती. मधेच पडदे गोठले आणि परीक्षा रद्द झाली. मुली रडत बाहेर आल्या. कॉलेजनं दुसऱ्याच दिवशी पत्र धाडलं: हे कुणामुळे झालं, नावानिशी लेखी कळवा.

बुधवारी चुडामणभाऊंनी मृणालीला केबिनमध्ये बोलावलं. माणूस एरवी गोड. कामगारांच्या घरी केळीचे घड पाठवणारा. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे दोन्ही लाईनी बंद झाल्या, मी दिलगीर आहे.' खाली टिंबटिंब, आणि त्याखाली मृणाली आधार सुरवाडे.

"भाऊ, मी शिरसोलीत होते," मृणाली म्हणाली.

"यंत्रात तर अ‍ॅडमिननंच बंद केली असं दिसतंय."

"अ‍ॅडमिन म्हणजे ऑफिसातलं कुणीही, भाऊ!"

खरंच कुणीही. एकच नाव, एकच पासवर्ड, तोही भाऊंच्या जुन्या जीपचा नंबर, चिठ्ठीवर लिहून कपाटाला चिकटवलेला. प्रत्येकाला वेगळं खातं द्या म्हणून मृणालीनं तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा भाऊ हसले होते. "आपण बठ्ठे घरचेच. घरात का खोलीखोलीला कुलूप लावायचं?" सगळे घरचे! आता खापर फोडायची वेळ आली तेव्हा बरोबर कळलं घरचं कोण आणि बाहेरचं कोण.

"उद्या चारपर्यंत सही दे," भाऊ म्हणाले. "कॉलेजला पत्र जायला पाहिजे."

त्या सहीचा अर्थ मृणालीला पुरता माहीत होता. खान्देशात ही कामं करणारी माणसं मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात. दीडशे मुलांची परीक्षा बुडवणारी बाई म्हटल्यावर तिला पुन्हा कुणी यंत्राला हात लावू देणार नव्हतं. तिच्याकडे दुसरं होतं काय? शेत नाही, दुकान नाही. नाव तेवढं होतं.

केबिनबाहेर येते तोच धुळ्याहून भिकनचा फोन. भिकन त्या शेजारच्या कंपनीत तिच्यासारखंच काम करतो. चार वर्षांत दोघं कधी भेटलेले नाहीत, पण तिची कारणं वाचून वाचून तो तिला सख्ख्या बहिणीसारखा ओळखतो.

"ताई, काल काय व्हयनं?" तो म्हणाला. "लाईन बंद व्हयनी आनि तुन्ही चिठ्ठी नई! मी तवाच म्हनं, हाई काम ताईनं नई शे."

हे काम मृणालीचं नाही! सगळ्या जळगावात जे कुणी म्हटलं नव्हतं, ते धुळ्याच्या माणसानं म्हटलं.

"भिकनभाऊ, जुन्या नोंदी आहेत का हो?"

"मनाकडे बठ्ठ्या चिठ्ठ्या शेतस. आत्ते धाडस."

लगेच सगळ्या आल्या. चार वर्षांत धुळ्याची लाईन एकसष्ट वेळा बंद केलेली, एकसष्ट वेळा कारण आणि खाली करणारी मृणाली. बासष्टावी, मंगळवार, अकरा बत्तीस. कारण नाही, नाव नाही.

तिनं ती यादी छापली आणि तशीच भाऊंसमोर ठेवली. भाऊंनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग चष्मा काढला. तिला वाटलं, संपलं, आता कागद फाडतील.

"मृणाली बेटा, मला का कळत नाही?" ते हळू आवाजात म्हणाले. "सपनानं मला कालच सांगितलं. पण भूपेंद्रची सोयरीक जुळतेय. मुलीचे काका त्याच कॉलेजात ट्रस्टी आहेत. त्याचं नाव गेलं तर सोयरीक मोडते. तुझं काय? तुझं नाव तिथं कोण ओळखतं? दोन दिवसांत विसरून जातील."

हे ऐकून ती यादी उचलून बाहेर निघाली. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची तिलाच भीती वाटली. खरं ठाऊक नसताना आळ घेतला असता तर एक वेळ समजून घेतलं असतं. इथं सगळं ठाऊक होतं! ठाऊक असून हिशेब केला होता, की कुणाचं नाव महाग आणि कुणाचं फुकट.

घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. आई, कलाबाई, वाटी खाली ठेवून म्हणाली, "सोडून दे ती नोकरी! लोकांची बोलणी खायला जन्म दिला का तुला?" आधारबाबा उठले. हात धुऊन आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि परत येऊन त्यांनी ताटाशेजारी तो पत्र्याचा बिल्ला ठेवला. 'आ. सुरवाडे.' अक्षरं ठोकून काढलेली.

"सव्वीस वर्षांत हा मी दुसऱ्याच्या कामावर कधी अडकवला नाही," ते म्हणाले. "साहेबानं सांगितलं तरी नाही. तू काय करायचं ते तू ठरव."

गुरुवारी तीन वाजता शिरसोलीचं अर्धवट राहिलेलं काम होतं. मृणालीनं पडदा उघडला. भाऊ कागद घेऊन मागे येऊन उभे राहिले, भूपेंद्र दारात, गळ्यात ओळखपत्र. तिनं आधी 'शेजारी दाखव' टाइप केलं. धुळे चालू. मग चाळीसगाव बंद, आणि अवतरणचिन्हांत कारण: 'खांब हलवणे, अर्धा तास, करणारी मृणाली सुरवाडे. मंगळवारी ११.३२ ला धुळे लाईन बंद केली ती मी नव्हे.'

"हे काय लिहिलंस?" भाऊ वाकून म्हणाले. "पूस ते."

तिनं एंटर दाबलं. "गेलं, भाऊ. आता ते चाळीसगाववाल्यांच्या नोंदीत आहे. इथून पुसता येत नाही."

"म्हणजे हे तिकडे दिसतं?" भूपेंद्रनं दारातून विचारलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीन महिन्यांचा कोर्स, आणि पठ्ठ्याला एवढंही ठाऊक नव्हतं!

"दिसतं. आणि काही लिहिलं नाही तर तेही दिसतं," मृणाली म्हणाली.

भाऊंचा पारा चढला. "मालक मी आहे का तू? सही करायची नसेल तर उद्यापासून येऊ नकोस!"

मृणाली खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड करून बसली. आवाज चढवला नाही. भाऊंच्या हातातला कागद तिनं काढून घेतला, उलटा केला, आणि कोरी बाजू वर करून टेबलावर ठेवला. त्यावर पेन ठेवलं.

"काढा मला, भाऊ. तुमचा हक्क आहे. पण कारण लिहून काढा, आणि खाली स्वतःचं नाव टाका."

भाऊंनी पेन उचललं. कोऱ्या कागदाकडे बघितलं, दारातल्या पुतण्याकडे बघितलं. मग पेन खाली ठेवून निघून गेले.

कॉलेजला पत्र गेलं 'तांत्रिक अडचण' म्हणून. म्हणजे शेवटी बिननावाचंच! भूपेंद्रची सोयरीक जुळली, त्याचे पेढे ऑफिसात वाटले गेले, मृणालीनं घेतला नाही. कपाटावरची पासवर्डची चिठ्ठी तिनं स्वतःच्या हातानं फाडली आणि प्रत्येकाला वेगळं खातं दिलं, भूपेंद्रलासुद्धा. तिला अडवायला कुणी आलं नाही.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. ती रोज कामावर जाते. तो कोरा कागद तिच्या टेबलावर, पत्र्याच्या बिल्ल्याखाली दाबून ठेवलाय. भाऊ येता-जाता त्याच्याकडे बघतात. अजून त्यांनी त्यावर काही लिहिलेलं नाही.