बाबांचं मोठ्याने म्हटलेलं स्तोत्र

माझ्या वडिलांच्या प्रार्थनेला मी एकदा टीव्ही म्हणालो. ऑफिसच्या कॉलवर, सगळ्यांच्या देखत, आणि बाबा तेव्हा माझ्या पाठीमागे चार हात अंतरावर देवासमोर बसलेले होते.

तेव्हा आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. हिंजवडीहून कंपनीची बस रोज उशिरा पोचायची, म्हणून संध्याकाळचे कॉल घरून घ्यायची मुभा मी मागून घेतली होती. इंटरनेटची तार बाहेरच्या खोलीत आली होती आणि देव्हाराही तिथेच होता. कॉलवरच्या परदेशातल्या क्लायंटची सकाळ आणि बाबांची दिवेलागण एकाच वेळी व्हायची.

बाबांनी सारी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात केली. निवृत्त झाले तेव्हा त्यांचे कान जवळजवळ गेलेले होते. मी श्रवणयंत्र आणून दिलं, तर म्हणाले, "यात फक्त पंखा ऐकू येतो. पंखा मला दिसतो." यंत्र कपाटात गेलं. त्यामुळे ते स्तोत्र म्हणत ते खणखणीत आवाजात. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये असतानाही तसंच. सायकल लावायची, हातपाय धुवायचे, निरांजन लावायचं आणि सुरू. शेजारच्या काकू त्यांचा आवाज आला की भाताचा कुकर चढवत. मी मागे मांडी घालून बसायचो आणि पेंगायचो. कारखान्यातून आलेले बाबा फार बोलत नसत. स्तोत्र झालं की मात्र आईशी हसून बोलायला लागत.

त्या दिवशी कॉलवर क्लायंटने विचारलं, "तुमच्याकडे भांडण चाललंय का?" टीममधली पोरं हसली. "सॉरी, टीव्ही आहे," म्हणालो आणि माइक बंद केला.

कॉल संपल्यावर बाबांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "बाबा, उद्यापासून मनात म्हणत जा ना. देवाला मनातलंही ऐकू येतं."

"देवाला येतं रे," ते म्हणाले. "मला येत नाही."

मी हसलो. मला वाटलं, नेहमीचा तिरकसपणा. दुसऱ्या दिवसापासून ते खरंच मनात म्हणू लागले. घर शांत झालं. मला बरं वाटलं, हेही कबूल करायला हवं.

पुढे काही आठवड्यांनी बायको म्हणाली, "अहो, बाबा हल्ली देवापुढून फार लवकर उठतात. आणि उठले की जेवेपर्यंत गप्पच असतात."

एकदा क्लायंटकडे सुट्टी होती, कॉल नव्हता. मी नुसता बसून पाहत होतो. बाबांचे ओठ हलले, थांबले. परत पहिल्यापासून हलले, परत तिथेच थांबले. मग त्यांनी घाईने नमस्कार केला आणि उठले.

"काय झालं बाबा?" मी ओरडून विचारलं.

"पुढचं सापडत नाही."

"पुस्तक आणून देऊ?"

"पुस्तक आहे की. वाचायला पेपरही आहे." ते खुर्चीत टेकले. "माझ्या वडिलांच्या मागून ऐकून ऐकून पाठ झालं ते. कानावर एक ओळ पडली की जीभ पुढची टाकते. ऐकूच आलं नाही तर टाकणार काय? आणि म्हणताना डोक्यात दुसरं काही शिरत नाही, तेवढंच मला हवं असतं. वाचताना सगळं शिरतं. आज तर तुझी आईच शिरली."

आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"मग म्हणा ना मोठ्याने. आत्ता म्हणा."

"आणि उद्या?"

त्या रात्री मी टेबल आणि तार आतल्या खोलीत ओढून नेली. तरी आवाज येणारच होता. आमच्या भिंती त्या केवढ्या. दुसऱ्या संध्याकाळी कॉल सुरू होतानाच मी सांगून टाकलं, "मागे आवाज येईल. माझे वडील प्रार्थना करतात. त्या दिवशीही तेच होते, टीव्ही नव्हता." मग क्लायंट म्हणाला, "बरं. तर दुसरा मुद्दा..." एवढंच. यासाठी मी बाबांना गप्प केलं होतं.

बाहेर बाबा म्हणत होते. अडखळत, मागे येत. पुढच्या दिवसांत बरंचसं परत सापडलं, मधल्या काही ओळी मात्र कायमच्या गेल्या. तिथे ते थोडे थांबत आणि पुढची ओळ धरत.

त्या संध्याकाळी कॉल संपवून मी बाहेर आलो, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "बाबा, माझं चुकलं."

"काय?"

"चुकलं माझं."

"अरे, काय म्हणतोस? नीट बोल."

खिडकी उघडी होती, समोरच्या गॅलरीत माणसं उभी होती. मी घसा ताणून ओरडलो, "बाबा, मी तुमच्या प्रार्थनेला टीव्ही म्हणालो! तुम्हाला गप्प बसवलं! माझं चुकलं, मला माफ करा!"