ड्रमला हात लावू नका

चाळिशी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेतो आहे. या कामाचा मला अधिकार नाही. वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

मी सैन्यात हवालदार होतो. शेवटची सहा वर्षे कंपनीच्या पाण्याची ड्यूटी माझ्याकडे होती. पहाटे साडेपाचला वॉटर ट्रेलरमध्ये ब्लीचिंग पावडर घालायची, अर्धा तास कोणाला नळाजवळ येऊ द्यायचे नाही, मग पाणी तपासून रिपोर्ट द्यायचा, "सर, पानी फिट है." त्याआधी कंपनी कमांडरही घोट घेत नसत.

शेवटच्या सुट्टीत, भर उन्हाळ्यात, बीबी या गावाजवळच्या आमच्या खेड्यात आलो. टँकर एक दिवसाआड येई. पाण्याअभावी घरोघरचे संडास कुलूपबंद होते. नाल्याच्या वाळूत खणलेल्या ज्या झिऱ्यावरून बाया पिण्याचे पाणी आणत, त्याच्या वरच्या अंगाला सकाळी अर्धे गाव बसे.

सव्वासहाला मी टँकरच्या पाण्याने ड्रम भरला, औषध घातले आणि सुमनवहिनींना बजावले, "मी सांगतो तोवर ड्रमले हात लावू नोका."

वहिनी हसल्या. "पान्यालेबी परेड शिकवता काय, भाऊजी?"

"ऑर्डर हाय, वहिनी."

"हाव, साहेब!"

साडेसहाला खामगावहून फोन आला. युनिटमधल्या मित्राच्या वडिलांना दवाखान्यात हलवायचे होते. मी तसाच निघालो आणि दोन दिवस तेथेच राहिलो. मोबाइल खिशातच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो. वहिनी ओसरीत पडल्या होत्या. डोळे खोल गेलेले, हातांची कातडी सुरकुतलेली. पहाटेपासून जुलाब होत होते. ड्रम काठोकाठ भरलेला होता.

"वहिनी, यातलं पानी काऊन नाही घेतलं?"

"तुमी सांगतलंच नाही ना, भाऊजी. झिऱ्याचं आनलं."

जीप मिळाली. मोठा भाऊ दिवसभर शेतातल्या बोअरचे पाणी पीत असे, तो धडधाकट होता. वहिनींचे डोके मांडीवर घेऊन तो बसला. मी चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजत होतो. तीन वाजून चाळीस मिनिटांनी, मेहकरचा दवाखाना सात किलोमीटरवर असताना, ते पाणी ओठांबाहेर ओघळले.

भावाने मला आजवर एका शब्दाने विचारलेले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

सहा वर्षांत कंपनीतला एकही जवान पाण्याने गेला नाही. माझ्या ड्यूटीवर गेलेले नाव एकच आहे, सुमन. आता ड्रममध्ये औषध घातले की अर्ध्या तासाने मी अंगणात उभा राहून मोठ्याने सांगतो, "पानी फिट." शेजारी हसतात.

तुमच्या घरी पाणी भरणारी बाई स्वतः कोणते पाणी पिते, हे तुम्ही तिला विचारले आहे का?