कुंकवाच्या ठिपक्यावर बसवलेलं इंजिन

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माझ्या माहेरी, सिन्नरला, आम्ही दोघंच फटफटीवर जाणार होतो. दोघंच! पंचवटीतल्या आमच्या घरात माणसं इतकी, की नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर भाजी आणायच्या निमित्तानं बाहेर पडावं लागे. तिथंही धाकट्या वन्सं पिशवी घेऊन मागे हजर. फटफटी सुरू झाली नाही तर एसटीनं जायचं, तेही वन्संना मध्ये बसवून, हे ठरलेलंच होतं.

फटफटी मामंजींची, कित्येक वर्षं अंगणात बंद पडलेली. "दिवाळीला चालली तर चालली, नाहीतर भंगारात," असं त्यांनी बजावलं होतं. मी सासूबाईंना विचारलं, "तुम्ही खूप हिंडला असाल ना हिच्यावरून?"

"कुठलं गं! माझ्या सासूबाई होत्या ना घरात. नवऱ्यामागे बसायचं म्हणजे केवढा चावटपणा!"

ह्यांनी इंजिन उघडलं. आत पिस्टनला जोडलेल्या क्रँकचा लहान गिअर आणि कॅमचा मोठा गिअर. कॅमनं दोन व्हॉल्व्ह उघडायचे, एक हवा आत घ्यायला, एक धूर बाहेर सोडायला. गिअरांचे नेमके दाते एकमेकांत बसले नाहीत तर सगळा बट्ट्याबोळ. मूळच्या खुणा झिजलेल्या, म्हणून ह्यांनी गिअर काढण्याआधी माझ्या नेलपॉलिशनं दोन्हींवर लाल ठिपके दिले. लग्नातली नवीकोरी बाटली ती! पण मी काय बोलणार, प्रेमात होते.

दिवाळीच्या तोंडावर इंजिन जोडलं, ठिपक्याला ठिपका लावून. ह्यांनी किक मारली मात्र, फाट्‌कन असा बार उडाला की वन्सं किंचाळल्या आणि मामंजींचा चहा धोतरावर.

"भंगारवाल्याला बोलावतो," मामंजी म्हणाले.

"अहो पण लाल ठिपके बरोब्बर जुळवले होते मी!" हे रडकुंडीला आलेले.

"ते लाल ठिपके होय?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "ते माझे. दसऱ्याला तू कामावर होतास ना, मी सगळं राखेनं घासून लख्ख केलं आणि तेलातलं कुंकू लावलं. आधीचं ते लालबिल मेलं निघता निघत नव्हतं!"

मी हसून हसून ओसरीवर आडवी झाले. मग डोळ्यांपुढे एसटी आली आणि खरंच रडू फुटलं.

"खुणा नाहीत ना, मग व्हॉल्व्हनाच विचारू," हे म्हणाले. प्लगच्या भोकातून माझी विणायची सुई आत सोडली. सुई पुरती वर आली की पिस्टन वर. त्या क्षणी धुराचा व्हॉल्व्ह मिटत आलेला हवा आणि हवेचा नुकता उघडू लागलेला.

"म्हणजे आपल्या मोरीसारखंच की!" मी म्हणाले. " एक बाहेर पडतोय तोवर दुसरा आत घुसतोय."

व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दोन सळ्या माझ्या चिमटीत. व्हॉल्व्ह मिटलेला असला की सळी बोटांत गरगर फिरते, उघडू लागला की घट्ट होते. हे एकेक दाता सरकवून बघत होते आणि मी सांगत होते. सैल. सैल. एकच घट्ट. "अहो, दोन्ही! दोन्ही घट्ट!" ह्यांनी ग्रीसच्या हातांनी माझे गाल धरले. सासूबाईंसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि काय सांगू, फार बरं वाटलं.

पुन्हा किक. धडधडधड! सगळी गल्ली गोळा झाली. मी पिशवी घेऊन धावत आले, तर मामंजी सीटवर बसलेले.

"आधी ब्रेक बघून येतो," ते म्हणाले आणि सासूबाईंकडे वळले. "तू बस मागे. ब्रेक बघायला वजन लागतं."

सासूबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पदर खोचला आणि बसल्या की! दोघं जी गेली ती दिवेलागणीलाच उगवली. सासूबाईंच्या अंबाड्यावर ताजा गजरा होता.

"ब्रेक ठीक आहेत," मामंजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. वन्सं फुरंगटून बसल्या होत्या. माझ्या कपाळाला कुंकू लावताना सासूबाई कानाशी वाकल्या.

"परतायची घाई करू नका गं," त्या म्हणाल्या. "आम्हाला फार उशीर झाला."