मुठीचा तांदूळ

महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासना संपली की चर्चमागच्या पडवीत बायका आपापले डबे घेऊन जमत. रोज भात टाकायच्या आधी काढलेल्या तांदळातली एक मूठ बाजूला ठेवायची, ती देवाची. महिनाभराच्या मुठी पडवीतल्या पिंपात ओतायच्या आणि तो तांदूळ विकून आलेली रक्कम मिशनकडे पाठवायची. बालाघाटच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत ही रीत जुनीच होती. पण साधना नैरोबीला गेल्यापासून या रीतीला वेगळंच तेज चढलं होतं. पत्र्याच्या झोपड्यांच्या वस्तीत, उघड्या गटारांच्या कडेला मिशनचा दवाखाना होता, आणि त्यात आपल्या मंडळीतली पोरगी नर्स होती. आपली मूठ तिथवर पोचते, असं बायकांना वाटे.

त्या रविवारी महिला सभेच्या विमलाबाईंनी साधनाच्या आईचा, पुष्पलताबाईंचा डबा उचलला आणि वजन लागताच दोन्ही हात लावले. बाजूलाच पुष्पलताबाईंचे यजमान शालिकराम उभे होते.

"अगे माय! शालिकरामभाऊ, तुमच्या घरी तं दोघंच. आमच्या घरी एवढी तोंडं, पन आमचा डबा पाहा, खुळखुळ वाजते."

"मूठ मोठी हाय पुष्पाताईची," कुणीतरी म्हणालं.

"मूठ नाही, मन मोठं हाय. तुमच्यासारखं नाही, चिमटीनं काढनाऱ्या!"

सगळ्या हसल्या. विमलाबाईंनी पुष्पलताबाईंच्या हातात डबा देऊन फोटो काढला आणि लगेच मंडळीच्या ग्रुपवर टाकला. पुष्पलताबाई छान हसत होत्या. शालिकराम मात्र खाली पाहून चपलेचा अंगठा सारखा करत राहिले. त्यांचे कान तापले होते.

मूठ मोठी नव्हती. पुष्पलताबाई विसरत होत्या.

ईस्टरच्या सुमारास शालिकरामांच्या ते ध्यानात आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहत होते. पुष्पलताबाईंनी पातेल्यात तांदूळ घेतला, एक मूठ काढली, डोळे मिटून "साधनासाठी" म्हटलं आणि डब्यात टाकली. मग पातेल्याकडे वळल्या, क्षणभर थांबल्या, आणि पुन्हा एक मूठ काढली. पुन्हा डोळे मिटले. असं करता करता पातेल्यात एका माणसापुरता तांदूळ उरला. शालिकरामांनी मनगट धरलं तशा त्या लहान पोरीसारख्या रडायला लागल्या. "देवाचं काढू देत नाही तुम्ही मले!" त्यानंतर त्यांनी मनगट धरलं नाही. दुकानातून जास्त तांदूळ आणू लागले. आणि मंडळीत कौतुक झालं तेव्हा खरं सांगायचं राहून गेलं. पुढच्या महिन्यातही राहून गेलं. खोटं कशाला, पहिल्या वेळी ते कौतुक त्यांना थोडं गोडही लागलं होतं.

भरवेलीच्या खाणीच्या दवाखान्यात त्यांनी ड्रेसर म्हणून नोकरी केली होती. ठेचलेली बोटं, फुटलेली डोकी आयुष्यभर बांधली. जखम झाकून ठेवली की आतून सडते, हे ते मजुरांना ओरडून ओरडून सांगत. आणि आता दर शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या घरात तेच करत होते. पुष्पलताबाईंना चांगली साडी नेसवायची, केस विंचरायचे, समोर फोन उभा करायचा आणि आपण फोनच्या मागे बसायचं. साधना विचारी, "आई, जेवली?" ते मागून मान हलवत, पुष्पलताबाई मान हलवत. "काय केलं होतं?" ते ओठांनी सांगत, "वरन-भात." त्या म्हणत, "वरन-भात." गाडी अडलीच तर "नेटवर्क नाही राह्यलं, बेटा" म्हणून फोन बंद.

लपवायचं कारणही त्यांच्यापाशी होतं. लग्नानंतर पुष्कळ वर्षं कूस रिकामी राहिली, आणि मग साधना झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी लेकरू हातांवर धरून शालिकराम भरल्या चर्चमध्ये म्हणाले होते, "प्रभू, ही आमची नाही. तुझी." साधना निघाली तेव्हा लोक म्हणाले, एकुलती एक पोर, एवढ्या लांब काहून पाठवता? त्यावर शालिकरामांनी छाती काढून सांगितलं होतं, "एकदा वेदीवर ठेवलं, त्याले आता हात नाही लावनार." आता त्याच तोंडानं तिला ये कसं म्हणायचं?

रविवारचं जेवण झालं आणि फोन वाजला. शनिवार नव्हता, तरी साधनाच होती. पांढऱ्या कोटात, मागे पत्र्याची भिंत.

"बाबा, विमलाकाकूनं आईचा फोटो टाकला."

"हौ, पाह्यला. कशी हसून राह्यली, नाही?"

"दोघांच्या घरातून एवढा तांदूळ कसा निघते?"

"अगे, तुह्या आईची मूठ..."

"बाबा. मस्करी नका करू. आईले द्या फोन."

"झोपली हाय."

तेवढ्यात स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. पाठोपाठ पुष्पलताबाईच बाहेर आल्या, हाताला तांदळाची भुकटी. फोन शालिकरामांच्या हातात होता. मागे बसून ओठ हलवायला आज कुणी नव्हतं. त्या वाकून पडद्याकडे पाहू लागल्या.

"कोन गावच्या हो तुम्ही, बाई?"

साधनानं फोन तोंडाजवळ आणला. मग रुग्णाशी बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाली, "मी लांबची हाय, मावशी."

"काय करता तिथं?"

"म्हाताऱ्या बायांचं पाहते. अंघोळ, औषध-पानी."

"त्याईले लेकरं नाहीत?"

"हाईत. कामासाठी लांब गेली."

"मायले टाकून?" पुष्पलताबाईंना हे पटलं नाही. "माही साधना नाही बाप्पा तशी. शाळेतून सुटली का सरळ घरी. येईलच आता. भात टाकते." आणि त्या आत गेल्या.

साधना कोटाच्या बाहीनं तोंड पुसत होती.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून कळलं. त्याच्या आधीपासून असन."

"अन् शनिवारी मागून तुम्ही सांगत होते?"

"हौ."

"काहून, बाबा? नर्स हाय मी! इथं परक्या बायांच्या वेण्या घालून राह्यली, अन् माह्याच मायले..."

"तुले देवाले दिलं होतं ना," शालिकराम म्हणाले. आपला आवाज त्यांना फार बारीक वाटला. "परत कसं मागू?"

"दिलं तुम्ही. विचाराचं तं होतं मले." तिनं मागे वळून दवाखान्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी येऊ का? पन इथं माह्या जागी कोनी नाही. दुसरी नर्स भेटाले किती वेळ लागते, सांगता येत नाही. वांजिरूमामाचा पाय तुम्हाले माहीत हाय."

त्यांना माहीत होता. तिकडे वयस्क बाईला मामा म्हणतात, हे साधनानंच सांगितलं होतं. टाचेवरची ती जखम तिनं फोनवर दाखवली होती, आणि कडेची मेलेली कातडी कशी सोडवायची, हे त्यांनी इथून सांगितलं होतं. आता कुठे आत लाल मांस धरू लागलं होतं. रोजची पट्टी थांबली तर ती जखम पुन्हा काळी पडणार. त्या बाईनं एकदा पडद्यावरून त्यांना हात जोडले होते.

'नको, आम्ही पाहू' हे शब्द तोंडाशी आले. सवयीचे होते. आतून पातेल्याचा आवाज आला.

"ये," शालिकराम म्हणाले.

"बाबा?"

"ये, बेटा. माह्यानं एकट्यानं होत नाही. अन् त्या वांजिरूमामाले सांग... काय सांगशील? माहं नाव सांग. माह्यामुळं चालली म्हन."

त्यांनी फोन ठेवला. देव रागावला असेल का, यापेक्षा ती टाच त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आत पुष्पलताबाई रिकाम्या पातेल्यापुढे उभ्या होत्या. सगळा तांदूळ डब्यात गेला होता. कोपऱ्यातली थैलीही उलटी पडलेली. एरवी ते पिशवी घेऊन दुकानात गेले असते. आज त्यांनी मुठीचा डबा उचलला आणि पातेल्यात ओतायला लागले. आयुष्यात कधी त्याला असा हात लावला नव्हता. चार दाणे ओट्यावर सांडले.

"अवो, काय करता! देवाचं हाय ते!"

"हौ. त्याले सांगतो मी."

त्यांनी तांदूळ धुतला, पाणी काढलं. पुष्पलताबाई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. मग त्यांनी पातेल्यात हात घातला, एक ओली मूठ काढली, डोळे मिटले. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. कुणासाठी ते आज त्यांना आठवेना. ओठ नुसतेच हलत राहिले.

"साधनासाठी," शालिकराम म्हणाले, आणि डब्याचं झाकण उघडून धरलं.