माझा आकडा घ्यायचा न्हाई

माधवनगरच्या कापड कारखान्यात तो माझ्या शेजारच्या मागावर असायचा. समोरून एसटी गेली, की तिच्या नंबरातून मटक्याचा आकडा काढायचा. लेकीला ताप भरला, तेव्हा थर्मामीटर बघून त्यावरही तो आकडा लावून आला.

पोर बरी झाली, त्या संध्याकाळी बायकोला घेऊन तो टपरीवर गेला. चारचौघांत मटकेवाल्याला म्हणाला, "आजपास्नं माझा आकडा घ्यायचा न्हाई. मी पाया पडलो तरी न्हाई. ही साक्षीला हाय."

"उद्या येशील गड्या," मटकेवाला हसला.

दुसऱ्या दिवशी घरी जाताना मी त्याला म्हणालो, "मागच्या गल्लीनं जाऊ."

"का? रस्ता काय त्येच्या बापाचा हाय?"

तो टपरीसमोरूनच सावकाश चालत गेला. खिशातली मूठ तेवढी घट्ट आवळलेली होती.