आधी मार्कशीट, मग चुडा

मार्कशीटवाल्या मावशीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण दहावीची मार्कशीट बघितल्याशिवाय तिनं एकाही नवरीचा चुडा भरला नाही. आकडे तेवढे तिला येत. जन्मतारखेची ओळ बोटानं शोधायची आणि प्रत्येक वाढदिवसाची एक, अशा बांगड्या चटईवर मांडत जायची. अठरावी पडली की म्हणायची, "आण हात." नाही पडली, तर टोपली झाकायची.

ती आमच्या रामाकोना गावची कासारीण. हिरव्या चुड्याशिवाय आमच्याकडे नवरी मांडवात जात नाही, आणि अठराच्या आतल्या पोरीला चुडा भरायचा नाही, असं सौंसरपर्यंतच्या साऱ्या कासारांना तिनं बजावून ठेवलेलं. एकदा ठाणेदारांनी तिचं कौतुक केलं, तर त्यांनाच ऐकवलं, "तुमी येता साहेब, तवर पंगत बसली राहते. चुडा आधी भरा लागते. कायदा दिल्लीत बसते, पोरीचा हात माह्या हातात येते."

स्वतःच्या लग्नाचं ती हसत सांगे. "सगळ्यात लहान मापाचा चुडा बी कोपरावर चढून राहिला होता. पडू नये म्हणून मी हात वर धरून चालली. लोकायले वाटलं, पोरगी लाजून राहिली."

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सतरा वर्षं नऊ महिन्यांची होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पांढुर्ण्याचा मुलगा मलाच इतका आवडला होता, की त्याचा फोटो मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ठेवत असे. मावशीनं सतरा बांगड्या मांडल्या, अठरावी हातात घेतली, महिना बघितला आणि ती परत टोपलीत ठेवली.

बाबा म्हणाले, "मावशी, तीन महिन्यानं असा काय फरक पडते?"

"काहीच नाही पडत, भाऊ. मंग थांब ना."

मी रडत म्हटलं, "माही मर्जी हाय वो, मावशी."

"खरी असन त तीन महिन्यात शिळी नाही होत. कायद्याले कुठंतरी रेघ ओढाच लागते, बाई. आज तुह्यासाठी पुसली, त उद्या बारा वर्षाच्या पोरीचा बाप बी खडू घेऊन येते."

पत्रिका वाटून झाल्या होत्या. मावशीचा मला मनस्वी राग आला. मुलाकडचे थांबायला तयार झाले, पण निरोप आला, की बारावीची परीक्षा आता कशाला द्यायची? तीन महिने तो निरोप माझ्या डोक्यात घुमत राहिला. अठरा पूर्ण झाले त्या दिवशी नाही म्हणाले ती मीच. बाबा वर्षभर मावशीशी बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी तिच्या घरी बागेतल्या संत्र्यांची पेटी पोचती केली.

मावशी गेल्या वर्षी गेली. तिची आठवण आली, की मला माझं लग्नच आठवतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी आल्या आल्या म्हणाली, "मार्कशीट?" घर हसलं. मी आणून दिली. तिनं चाचपत सव्वीस बांगड्या मांडल्या, पुरुषमंडळींना बाहेर काढलं आणि माझ्या कानाशी आली.

"मनातून हो हाय का?"

"हो."

"तीन महिन्यानं बी?"

"हो, मावशी."

"आण हात."