पिशवीतल्या रक्ताची वाट

दुसऱ्या खेपेला डोहाळजेवण सहसा कोणी करत नाही. माझं केलं, कारण या खेपेला बाळापेक्षा त्याच्या नाळेला जास्त मान होता. थोरल्या लेकीच्या मेंदूला जन्मतानाच प्राणवायू कमी पडला होता. चौथं वर्ष सरत आलं तरी ती आधाराशिवाय बसत नव्हती. धाकट्या भावंडाच्या नाळेतलं रक्त साठवून हिला दिलं की ही धावायला लागेल, असं कोणीतरी घरात सांगितलं आणि मी पुन्हा आई व्हावं असं ठरलं. ठरलं म्हणजे, मला कळवण्यात आलं.

माझं सासर हिंजवडीच्या कडेला. शेतात कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्यापासून आमच्याकडे कंपनीचा माणूस म्हणजे देवाच्या खालोखाल. त्यामुळे नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी थेट डोहाळजेवणालाच बोलावले गेले. मी फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसलेली. बर्फी की पेढा झालं, ओटी भरून झाली आणि कोट घातलेल्या त्या गृहस्थांनी पडद्यावर गोंडस बाळं दाखवायला सुरुवात केली. सगळी गोरी, आणि सगळी आधीपासूनच धडधाकट. मी विचारलं, हे रक्त घेऊन आमच्या मुलीसारखी किती मुलं बसायला लागली?

"मॅडम, आपण पॉझिटिव्ह राहायचं," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. पंगतीत जिलेबीचा आग्रहही माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त झाला.

बाळंतपणाला मी कात्रजला माहेरी गेले. थोरली सासरीच राहिली, कारण तिचे व्यायाम घेणाऱ्या बाई तिथे रोज यायच्या. मुलगा झाला. सासूबाईंनी फोनवर आधी रक्ताच्या पिशवीचं विचारलं, मग बाळाचं, आणि माझं विचारायच्या आत रेंज गेली. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, शुद्धीवर येताच मीसुद्धा आधी पिशवीच विचारली होती. पुढे रोज फोनवर थोरलीची चौकशी करायचे आणि रोज "सगळं बरं हाय" ऐकून निर्धास्त व्हायचे.

सव्वा महिन्याने परतले. थोरलीला मांडीवर घेतलं तर पाय लाकडासारखे कडक. गुडघे सरळच होईनात. व्यायामाच्या बाईंना सासूबाईंनी मी गेल्यावर आठवडाभरातच बंद केलं होतं.

"आता रगत मिळणारच हाय की," त्या म्हणाल्या. "मग लेकराला रोज कशापायी रडवायचं?"

यात लबाडी असती तर मी कडाकडा भांडले असते. पण ती माया होती, आणि मायेशी कसं भांडायचं ते मला येत नाही.

मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी पिशवीची सगळी कथा शांतपणे ऐकून घेतली. हे उपचार अजून अभ्यासाच्याच पायरीवर आहेत, गुण येईलच असं कोणी सांगू शकत नाही, म्हणाले. आखडलेले पाय मात्र आज घरात आहेत, तेव्हा आधी त्यांच्याकडे बघा. यापेक्षा गोड बोलले असते तर मीच घाबरले असते. त्याच आठवड्यात कंपनीचा फोन आला, अभिनंदन, आपली पिशवी सुरक्षित आहे. म्हटलं, वा, निदान काहीतरी सुरक्षित आहे.

दुसऱ्या दिवशी चटई अंथरून थोरलीला निजवलं. सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही कंबर धरा." त्यांनी तोंड फिरवून धरली. बाईंनी शिकवलं होतं तसं दहापर्यंत मोजत मी गुडघा हळूहळू ताणू लागले. लेक कळवळली. मग तिने माझ्याकडे बघितलं. तोवर ती एका वेळी एकच शब्द बोलायची.

"आई, नको," ती म्हणाली.

दोन शब्द, सलग, स्पष्ट. तिच्या आयुष्यातलं पहिलं वाक्य. सासूबाई हमसून रडायला लागल्या. मी सहा म्हटलं, सात म्हटलं, आणि पाय सोडला नाही.